कमांडो पहिल्या मजल्यावर अडकला

डोंबिवली पूर्वेच्या स्नेहवर्धन सोसायटीतला सलिल ओगले गेली सहा वर्षं एक व्हिडिओ गेम बनवत होता, आणि सहाही वर्षं तो गेम 'लवकरच येत' होता. घोषणा झाली तेव्हा शेजारच्या शिवानीचं बारसं होतं. आता शिवानीचा पुढचा दात पडला, तरी गेम आपला येतोच आहे.

गेमचं नाव 'शत्रुभेद'. हातात बंदूक, डोळ्यांसमोर तिची नळी आणि नळीसमोर येईल त्याला उडवायचं. पण हे चारचौघांत सांगणार कसं? सलिलच्या आई शुभदाताई निवृत्त शिक्षिका. कुणी विचारलं की त्या चष्मा सारखा करून म्हणायच्या, "तो संगणकावर संरक्षणविषयक काम करतो." त्यामुळे अर्ध्या सोसायटीला वाटायचं, पोरगा मिसाइल बनवतो, बिचाऱ्याला बोलायची परवानगी नाही. सलिलही बोलत नसे. रिक्षाच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी "जाऊ दे ना" म्हणणारा माणूस तो.

ऑफिस ठाण्याला, कोलशेतला. मालक राकेश, कोपरीचा. त्याचं प्रत्येक वाक्य 'वर्ल्ड क्लास'ने सुरू व्हायचं आणि 'समझ रहा है ना'वर टेकायचं. सहा वर्षांत त्याने गेमच्या हिरोच्या, म्हणजे कमांडोच्या मिशा तीनदा ठेवल्या आणि चारदा काढल्या.

या सगळ्यात सलिलचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, बिल्डिंगची लेव्हल. गच्चीवरच्या टाकीत अतिरेक्यांनी बॉम्ब ठेवलाय, कमांडोने एकेका घरातल्या माणसांना सोडवत वर पोचायचं. बिल्डिंग म्हणून सलिलने आपलीच बिल्डिंग बनवली होती. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी, 'फेरीवाल्यांना मनाई'ची पाटी, जिन्यातला मिचमिचणारा बल्ब, सगळं. नुकत्याच पुसलेल्या लादीवरची ओल दाखवायला त्याने अख्खा मे महिना घातला होता.

आणि राकेश म्हणाला, "सलिल भाई, बिल्डिंग काढ. वाळवंट टाक. वर्ल्ड क्लास गेममध्ये वाळवंट असतंच, समझ रहा है ना?"

"नाही," सलिल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला. लगेच त्याला पाणी प्यावं लागलं.

राकेशलाही गंमत वाटली. "ठीक आहे. रविवारी पब्लिकला खेळायला दे, मी स्वतः येतो. एकाने जरी गच्चीवर जाऊन बॉम्ब बंद केला, तर बिल्डिंग राहील. नाहीतर सोमवारपासून वाळू."

आता पब्लिक कुठून आणायची? शहाण्या माणसाने कॉलेजची पोरं धरली असती. सलिलने सोसायटीचा हॉल धरला. आपली बिल्डिंग, आपली माणसं, आपल्याच बाजूने खेळतील!

रविवारी हॉल भरला. सेक्रेटरी उत्तमकाका नाचणकरांनी माइकवर टकटक केली. "हॅलो, हॅलो. उपस्थितांचं स्वागत. विषय एकच, चिरंजीव सलिल यांचा गेम. पदसिद्ध सेक्रेटरी या नात्याने रिमोट माझ्याकडे राहील."

कमांडो जिना चढला. उत्तमकाकांनी आधी त्याला मीटरच्या खोलीकडे नेलं. "दिवसाढवळ्या बल्ब चालू! बटण कुठाय?"

"काका, बॉम्ब आहे वर. फुटेल."

"फुटेल तेव्हा फुटेल. बिल आत्ता येतंय."

अखेर कमांडो एकशे एकच्या दाराशी आला आणि त्याने लाथ उगारली. पहिल्या रांगेतून नंदाकाकू उठल्याच. "अगो बाई, हे तर आमचंच दार! लाथ कसली मारतो मेला? किल्ली शेजारी ठेवलेली असते!"

दार उघडलं. आत लादी चकाकत होती, ओली, मे महिनाभर घासलेली. कमांडोने पाय उचलला आणि हॉलमधून एकच ओरड उठली.

"बूट! अरे, बूट काढ!"

"काकू, तो कमांडो आहे," सलिल म्हणाला.

"मग? आमचे जावई पोलिसात आहेत. दारात काढूनच येतात."

"बूट काढायचं बटणच नाहीये."

"नाहीये?" नंदाकाकू शुभदाताईंकडे वळल्या. "सहा वर्षं काय करत होता हो हा?"

शुभदाताईंनी मान खाली घातली. मिसाइलबद्दल कधी एवढं ऐकावं लागलं नव्हतं.

सभा तापली. वरच्या मजल्यावर दोनशे तीनच्या दारात चार अतिरेकी दिसले, तशी उत्तमकाकांनी बंदूकच खाली केली. "दोनशे तीनमध्ये चार पुरुष? एनओसी कुणी दिली? बॅचलर ठेवायचे नाहीत असं ठरलंय ना?"

"ते अतिरेकी आहेत काका, गोळी मारा!"

"आधी नोटीस जाईल."

इतक्यात वेळ संपली आणि बॉम्ब फुटला. पडद्यावर अख्खी बिल्डिंग कोसळली. मागच्या रांगेतून कुणीतरी समाधानाने म्हणालं, "चला, रीडेव्हलपमेंट झालं एकदाचं!"

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा दार, पुन्हा ओली लादी, पुन्हा धडाम. रिमोट हॉलभर फिरला. गच्ची सोडाच, कमांडोला एकशे एकचा उंबरा ओलांडता येईना. प्रत्येक धडामला सलिलच्या डोळ्यांपुढे थोडी थोडी वाळू साचत होती.

शेवटी हॉलच्या दाराशी उभा असलेला राकेश वैतागून पुढे आला. "द्या इकडे. दोन मिनिटांत बंद करून दाखवतो." त्याने धडाधड जिना चढवला, दार उघडलं आणि लादीसमोर आला.

नंदाकाकू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होत्या.

राकेशचा अंगठा बटणावर तसाच राहिला. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. "यार सलिल भाई," तो हळूच म्हणाला, "साइडने, कडेकडेने जाता येतं का रे?"

धडाम.

राकेश हसत सुटला. "वाळवंटासाठी कोण भांडलं असतं एवढं? कुणी उठून घरी गेलं पण नाही! ठेव तुझी बिल्डिंग. बूट काढायचं बटण टाक, बॉम्बला टाइम वाढवून दे. वर्ल्ड क्लास!"

सलिलने तिथेच लॅपटॉप उघडला. काढलेले बूट ठेवायला त्याने एकशे एकच्या दाराबाहेर एक चपलांचा स्टँड टाकला.

स्टँड पडद्यावर दिसताच उत्तमकाकांनी पुन्हा माइक हातात घेतला.

"पॅसेजमध्ये स्टँड? कॉमन जागेत? सलिल, उद्या नोटीस लावीन!"