चौकटींमधली पांढरी पट्टी

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मी घेत असलेल्या चित्रकलेच्या तासाला. बाकीची पोरं काळ्या सावल्या फासून मोकळी झाली होती. ही अजून खिडकीतून समोरची भिंत न्याहाळत होती. "बाई, सावली काळी कुठंय? जांभळी आहे," म्हणाली. वर्गात हशा पिकला. कमी उंचीमुळे सगळे तिला बुटकी म्हणत, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मोठेपणी ती भावाच्या चित्रकथांना रंग देऊ लागली. युरोपात निघतात तशी ही पुस्तकं: मोठा आकार, पुठ्ठ्याची बांधणी, एका पुस्तकात पुरी गोष्ट. दादाची काळी रेषा पारदर्शक फिल्मवर असे. तीच रेषा फिकट निळ्यात छापलेल्या कागदावर बुटकी रंग भरी. फिल्म त्यावर बरोबर बसली की पान तयार. मुखपृष्ठावर मात्र दादाचं एकट्याचं नाव. या खेपेला तिनं भांडून कबूल करून घेतलं होतं: सगळी पानं रंगीत आणि वेळेत गेली, तर तिचंही नाव.

त्या दुपारी मी सहज डोकावले, तर पानं न्यायला आलेला छापखान्याचा माणूस दारात उभा आणि आत दोघं भावंडं एका पानावर वाकलेली. वादळाच्या पानावर तिनं पाण्याचा हात सैल सोडला होता. वाळताना कागद आखडला. फिल्म ठेवली की खलाशाच्या गालाचा रंग दाढीच्या रेषेत शिरत होता.

"झालं कल्याण," दादा म्हणाला. "हे पान काळंपांढरंच जाऊ दे. नावाचं पुढच्या पुस्तकात बघू."

"अहो, निघू का मी?" दारातून आवाज आला.

"थांबा हो जरा!" बुटकीनं पातं उचललं.

"ए, डोकं फिरलंय का? कापतेस काय!"

"दादा, तोंड बंद ठेव आणि फिल्म घट्ट धर. बाई, तुम्ही टेबलाला धक्का नका लावू."

चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून तिनं अख्खं पान कापलं. एकेक तुकडा फिल्मखाली सरकवायचा, रंग रेषेला भिडला की खालच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. गोंद लगेच धरत होता. चुकलं की संपलं. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. खलाशाचा तुकडा तिनं शेवटी ठेवला. तो दोनदा तिरका गेला. तिसऱ्यांदा तिनं बोट दाबलं आणि उचललंच नाही.

दादानं भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बसलं," तो म्हणाला, आणि दाराकडे न बघताच बोलला, "मुखपृष्ठावर हिचं नाव घालायचंय. माझ्याएवढ्याच अक्षरात."

आता भाऊबहिणीचं पुढचं पुस्तक चालू आहे. बुटकी रोज सकाळी उत्तरेच्या खिडकीशी रंगवायला बसते.