काकांनी टाइप केलेली शेवटची ओळ

आमच्या भागात, चंदनसारला, टायपिंग करून देणारे एक काका प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत टाइप करायचे. नवरा-बायकोच्या भांडणाची, फक्त संवादांतून लिहिलेली माझी पहिली कथा त्यांना दिली. स्पर्धेसाठी ती त्याच दिवशी पोस्टात पडायला हवी होती. बायकोची वाक्यं ते चढ्या आवाजात, नवऱ्याची पुटपुटत म्हणू लागले. मध्येच थांबले.

"सर, पाच पानं भांडण चाललंय. जेवायचं कोणीच विचारत नाय?"

"काका, गोष्ट आहे ती."

"म्हणून काय उपाशी ठेवायचं?"

पोस्टात पाकीट चिकटवताना पाहिलं, तर शेवटी एक ओळ जास्त होती: "चल, आधी जेवून घे."

खोडायला पेन काढलं, पण खोडवेना.

कथेला बक्षीस मिळालं; परीक्षकांनी त्याच ओळीचं कौतुक केलं. ती छापून आलेला अंक काकांना दिला. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली.

"छान लिहिता, सर."