गाठ धरलेली कोबी

रिठदजवळच्या आमच्या गावात कोबी लावणारी घरं त्या काळी पाचच होती आणि पाचही घरांची रोपं एकाच वाफ्यातून जात. तो वाफा आईचा. रोप विकायचं नाही, वाटायचं, हा तिचा शिरस्ता होता. शेजारच्या चार घरांना दिल्यावर उरलेली रोपं ती आमच्या मळ्यात लावी. देताना मुळाची माती झटकू देत नसे. मातीशिवाय रोप परक्या जमिनीत घाबरतं, असं ती म्हणे. तिच्या हाताला गुण आहे, असं गावात बोललं जाई.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. साल नक्की आठवत नाही, पण विहिरीवर मोट होती, इंजिन आलेलं नव्हतं. थोरला भाऊ फौजेत होता. आश्विनात रजेवर येताना त्याने छावणीजवळच्या पहाडी बागेतून कोबीची थोडी रोपं आणली. रॉकेलचा अर्धा कापलेला डबा ओल्या मातीने भरलेला होता आणि त्यात रोपं खोचलेली होती. आईने रोपं वाफ्याच्या कडेला लावली, डब्यातली माती वाफाभर पसरली आणि तिच्यावर आपलं नेहमीचं बी टाकलं. महिनाभराने रोपं चार घरी गेली.

त्यातलं एक घर काकूचं. ती नात्यातली नव्हती, आम्ही तिला काकू म्हणत असू एवढंच. नवरा वारलेला. विहीर सामाईक होती आणि आमच्या वाफ्यांतून गेलेला पाट पुढे तिच्या तुकड्यात उतरत होता. ओलिताची तिची तेवढीच जमीन.

पौषात मी अकोल्याहून आठ दिवसांसाठी गावी आलो. आमची कोबी दुपारी माना टाकत होती आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहत होती. वडिलांनी पाणी कमी पडतंय असं धरून पाणी वाढवलं. चौथ्या दिवशी आईने एक झाड उपटलं. मुळं मुळांसारखी नव्हती. आल्याच्या गड्ड्यासारखी फुगलेली, बोटांत बोटं अडकवल्यासारखी गाठ होती. आईने ती खाली टाकली आणि हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

तीन मुळं फडक्यात बांधून मी सायकलने रिसोडला शेतकी खात्याच्या माणसाकडे नेली. त्याने फडकं टेबलावर ठेवू दिलं नाही, बाहेर दगडावर सोडायला लावलं. हा रोग मातीत राहतो, असं त्याने सांगितलं. पीक काढलं तरी जात नाही, वर्षानुवर्षं टिकतो. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी या सगळ्यांना धरतो. रोपाबरोबर जातो, पायाला आणि फावड्याला लागलेल्या मातीबरोबर जातो, वाहत्या पाण्याबरोबर जातो. लागलेल्या झाडाला औषध नाही. उपटून, वाळवून जाळायचं, उकिरड्यावर टाकायचं नाही. मग जमिनीत चुना घालायचा, पाणी साचू द्यायचं नाही आणि या जातीचं पीक तिथे बरीच वर्षं घ्यायचं नाही. हा रोग पहाडाकडच्या मातीतला, काळ्या जमिनीत त्याने तो पाहिला नव्हता. तिथे तो किती टिकेल, हे त्याला सांगता आलं नाही.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. आईने एकच विचारलं, "म्हशीले घातलं असन तं?" आदल्या दिवशी तिने दोन झाडं मुळांसकट म्हशीपुढे टाकली होती. शेणातूनही जातो, असं तो माणूस म्हणाला होता. मी तेही सांगितलं. त्या दिवसापासून आई गोठ्यातलं शेण वेगळं टाकू लागली. रोपं वाटलेल्या घरांकडे ती फिरकली नाही. दोन दिवस ती जेवलीही थोडंच, आणि काकूच्या बांधावरून जाणं तिने टाळलं.

तिसऱ्या दिवशी पाण्याची पाळी काकूची होती. मोट सुरू झाली, पाटात पाणी आलं. ते आमच्या वाफ्यांपर्यंत पोचायच्या आत आईने चिखलाचा बांध घालून पाट अडवला. काकू खालून वर आली.

"काहून व बाई? माही पाळी हाय आज. पाणी चोरून राह्यल्या का?"

"हे पाणी घेऊ नोको. आमच्या वाफ्यातून येऊन राह्यलं," आई म्हणाली. "रोग हाय मातीत. रोपासंगं म्याच देला तुले."

काकू आपल्या तुकड्यात गेली आणि झाडं उपटू लागली. पहिल्याचं मूळ पांढरं, स्वच्छ. दुसऱ्याचंही. तिसऱ्याला गाठ होती. तिन्ही तिने बांधावर ओळीने ठेवली.

"संक्रांतीच्या आधीच वाण देलं, बाई, तुमी," ती म्हणाली. मी चुन्याचं सांगितलं, तेव्हा काकू माझ्याकडे वळली. "पानाले लागते तेवढा हाय घरात. तोच शिंपडू का?"

त्याच दिवशी आई उरलेल्या तिन्ही घरी गेली. दोघांनी कोबी उपटली. तिसऱ्याने हसून आईला चहा पाजला आणि पीक तसंच ठेवलं. त्या शेतावरून येणाऱ्या माणसाचे पाय आई पुढे कितीतरी दिवस पाहत असे. काकूने चांगली झाडंही ठेवली नाहीत. दोन्ही घरांनी मिळून सगळं बरड टेकाडावर वाळवून जाळलं, फावडी खरवडली आणि वडिलांनी भट्टीवरून आणलेला गाडीभर चुना दोन्ही मळ्यांत खणून घातला.

पुढच्या हिवाळ्यात मी गेलो, तेव्हा काकूच्या तुकड्यात हरभरा होता. त्यात मोहरीचं एक झाड आपोआप उगवलं होतं. आईने ते उपटायला लावलं. मूळ सरळ आणि पांढरं निघालं. आईने ते बादलीत धुतलं, उन्हात धरलं, उलटंसुलटं करून नखाने खरवडलं.

"मंग लावू का आता कोबी?" काकूने विचारलं.

आईने मूळ काकूच्या हातात दिलं. "मले नोको इचारू," ती म्हणाली.

काकूने त्यानंतरही तिथे हरभराच पेरला.