येळ्ळूरच्या विहिरीवरचं हिरवं नेट

कोल्हापूरहून सकाळची बस पकडली. माझी सहा वर्षांची सई सुट्टीसाठी येळ्ळूरला, माझ्या माहेरी होती. आदल्या संध्याकाळी फोनवर ती मोठ्या आनंदानं म्हणाली, "आई, मी विहिरीवरच्या हिरव्या नेटवर बसून भातुकली खेळते. खाली पाणी दिसतं!"

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं. ते हसले. "अगं, पानं पडू नयेत म्हणून वर शेडनेट टाकलंय. खाली लोखंडी जाळी हाय. काय हुत न्हाय."

आप्पांचं 'काय हुत न्हाय' मी लहानपणापासून ऐकते आहे, म्हणून तर निघाले.

निपाणीला बस दहा मिनिटं थांबली. स्टँडसमोरच्या दुकानात सगळी जाळीच जाळी होती. भाजीवर घालायची, कबुतरं अडवायची, डासांची, बैलांच्या मुसक्या (कोळपताना पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधायच्या जाळ्या). मी हिरव्या शेडनेटला हात लावून विचारलं, "हे माणसाचं वजन पेलतं का हो?"

"न्हाय आक्का," दुकानदार म्हणाला. "ह्ये ऊन अडवतंय, माणूस न्हाय."

मी जाड नायलॉनच्या दोरीची जाळी घेतली. गडबडीत तिचं टोक बसच्या दाराच्या कडीत अडकलं. कंडक्टर माझ्यावर कन्नडमध्ये ओरडला आणि मग स्वतःच वाकून ती सोडवू लागला. संकेश्वरच्या पुढं उसाच्या रोपवाटिका लागल्या, सगळ्या त्याच हिरव्या नेटखाली. एरवी मला तो रंग आवडतो. त्या दिवशी बघवेना. काकतीपासून आप्पांना चार वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. बेळगावात बस बदलताना चहा घेतला आणि अर्धाच टाकून दिला.

येळ्ळूरला पोचले ती तडक परसात गेले. सई विहिरीच्या बरोबर मधे, नेटवर मांडी घालून बसली होती.

ओरडले तर ती दचकेल. "सई, हळू ये बाळा," एवढंच म्हणाले. ती रांगत कठड्याशी आली. तिला उचलून घेतलं आणि कठड्यापासून लांब नेलं.

"लई भितीस बघ तू," म्हणत आप्पा आले आणि मला लोखंडी जाळी दाखवायला त्यांनी नेट ओढून बाजूला केलं.

खाली जाळी होती. पण कडेला नेटवरनं घरंगळलेली पानं साचून, कुजून काळी झाली होती. आप्पांनी तिथं काठी दाबली. गंजलेले गज तुटले आणि जाळीचा कोपरा आत गेला. पाण्याचा आवाज यायला जरा वेळ लागला.

आप्पा मटकन कठड्यावर बसले. "नेट टाकल्यापास्नं उचलून बघितलंच न्हाय गं," ते म्हणाले.

दुपारभर आम्ही दोघांनी नवी जाळी खुंट्या ठोकून ताणून बांधली. शेडनेटची घडी करून आप्पांनी ते माळ्यावर टाकलं. पानं पडू देत पाण्यात, म्हणाले. पानं काढता येतात.

दुसऱ्या दिवशी सईला घेऊन परतले. कधी नव्हे तो, बस निपाणीत शिरताना आप्पांचाच फोन आला. "सकाळी पानं काढली. जाळी चारी बाजूनं हलवून बघितली, घट्ट हाय."

मी वाट बघत राहिले. 'काय हुत न्हाय' मात्र ते म्हणाले नाहीत.