चित्रातले डावखुरे अधिकारी

माझ्या थोरल्या बहिणीचा कुणावर विश्वास नाही. माझ्यावर नाही, भावजींवर नाही, स्वतःच्या हातावरसुद्धा नाही. पण पुस्तकात छापलेलं दिसलं की ताईने मान तुकवलीच! ही खोड तिला एकदा चांगलीच भोवणार होती.

ताई शिवणकाम करते. एके काळी तिच्या दारात बायकांची रीघ असायची. तयार कपड्यांची दुकानं आली आणि ती आटली. उरलं काय, तर चेन बदलून देणं आणि पँटची उंची कमी करणं. अशात एका नाटक कंपनीने तिला बोलावलं. नाटक दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातलं. लष्करी अधिकारी, मेजवान्या, तलवारी, शिवाय अमेरिकेहून आलेला एक श्रीमंत पाहुणा. दिग्दर्शक म्हणाला, "हे कपडे जमले तर कंपनीचा सगळा कपडेपट तुमच्या हवाली. नाही जमले तर भाड्याने आणू."

ताई घरी येऊन मटकन बसली. "अगं, तिकडचे लोक काय घालायचे, मला काय डोंबल ठाऊक?"

"मग ग्रंथालयात जा की," मी म्हणाले. माझ्या जिभेला काही हाड!

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, म्हणून ताई रोज सकाळी तिथेच ठाण मांडायची. तिथल्या ग्रंथपाल बाई तशा करड्या, पण हिची चिकाटी बघून तिच्यापुढे एकेक जाडजूड खंड ठेवायला लागल्या. विश्वकोश, पोशाखांचा इतिहास, युरोप-अमेरिकेतल्या नाचगाण्यांच्या आणि मेजवान्यांच्या रीतींचे कोश. ताईचं इंग्रजी बेताचं. ती चित्रं बघायची आणि पेन्सिलीने कागदावर उतरवून घ्यायची. जेवताना भावजींच्या ताटात भाजी कमी आणि कॉलरींची वर्णनं जास्त. "तिकडच्या बायका कमरेला इतकं आवळायच्या, श्वास कुठून घ्यायच्या कोण जाणे!" भावजी बिचारे नुसते "हो का" म्हणायचे.

कोट झाले देखणे. काजं मी केली होती, तेव्हा जरा मिरवते. छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा, उभी कॉलर, आतल्या बाजूला खिसा. फक्त एक गोष्ट मला खटकली. "ताई, पुरुषांच्या कपड्यात डावी बाजू वर येते ना? तू उजवी घेतलीस."

"चित्रात तशीच आहे. तिकडची जुनी रीत असेल. पुस्तकवाले काय वेडे आहेत?"

आणि कपडे घालून पहिली तालीम झाली, तिथे सगळं मुसळ केरात! नायकाने तलवार उपसायला हात घातला, तर ती उजव्या कमरेला, चित्रातल्यासारखीच. उपसता उपसता त्याचं कोपर शेजारच्याच्या नाकावर. मग आतल्या खिशातलं पत्र काढायला गेला, तर हात कोटातच शिरेना. "हा कोट माझा की माझ्या बायकोचा?" तो म्हणाला, आणि मंडळी खो खो हसली. दिग्दर्शक हसला नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत बघा काय होतंय. नाहीतर मी भाडेवाल्याला फोन करतो."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच आम्ही दोघी ग्रंथालयाच्या पायरीवर. तिने तो खंड उघडला आणि मला चित्र दाखवलं. खरंच, उजवी बाजू वर! तिचे डोळे भरून आले. "बघ, मी चुकले नव्हते गं."

ग्रंथपाल बाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या चित्रात सगळ्यांनी पेले डाव्या हातात का धरलेत? लिहिणारासुद्धा डाव्या हाताने लिहितोय." त्यांनी छपाईच्या इतिहासाचा खंड काढला आणि वाचून दाखवलं. जुन्या काळी चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरत. कोरणाऱ्याने जसंच्या तसं कोरलं की कागदावर उलटं उमटायचं, आरशात दिसतं तसं.

"म्हणजे ही अख्खी पलटण डावखुरी नव्हती?" मी म्हणाले. ताईला हसू येईना. कापड कापून झालं होतं, काजं पाडून झाली होती. नवे कोट एका दिवसात कुठून आणायचे?

बाई मात्र दुसऱ्याच एका खंडाची पानं उलटत होत्या. जपून ठेवलेल्या खऱ्या कपड्यांचे त्यात फोटो होते. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. छातीवर बटणांच्या दोन रांगा आणि काजं दोन्ही बाजूंना! खाली लिहिलं होतं, असा कोट हवा त्या बाजूने लावता येई. एक बाजू मळली की दुसरी वर घेत.

आई गं, माझा जीव असा भांड्यात पडला! ताईने तर बाईंचा हातच धरला आणि सोडेना. आपल्या कोटांच्या दोन्ही बाजू सारख्याच रुंद होत्या. दुसऱ्या बाजूलाही काजं पाडली, चार बटणं हलवली, तलवारी डावीकडे नेल्या की झालं. दिवसभर आम्ही मान वर केली नाही. संध्याकाळी तलवार सर्रकन निघाली, पत्रही निघालं. दिग्दर्शक एवढंच म्हणाला, "ठीक. पहिला प्रयोग होऊ दे, मग कपडेपटाचं बघू." मेल्याच्या तोंडून एक गोड शब्द निघेल तर शपथ!

प्रयोग दुपारचा होता. ताई आणि मी पडद्यामागेच बसलो होतो. पहिला अंक संपला आणि नायक पांढराफटक चेहरा घेऊन आत आला. विंगेत कुणाचा तरी धक्का लागून कपभर कॉफी त्याच्या छातीवर. पांढरा कोट, आणि पुढच्या प्रवेशात त्याचं लग्न! दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला.

ताई जागची उठली. तिने बटणं काढली, डागाची बाजू आत घेतली, कोरी बाजू वर आणली, बटणं लावली. नायक पुन्हा नवा कोरा. आता उजवी बाजू वर होती, थेट त्या चित्रातल्यासारखी, आणि बघणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही. लग्न थाटात लागलं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने कपडेपटाच्या किल्ल्या ताईच्या ओंजळीत ठेवल्या. "हे तुम्हाला सुचलं कसं हो?"

ताई तिथेच एका पेटीवर बसली, हसता हसता रडायला लागली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "पुस्तकात होतं."