दुपारी एक ते तीन

मोठ्या बाईंनी बावीस वर्षं वृद्धाश्रम चालवला. चाळीस म्हातारेकोतारे, तीन मजले, एक लिफ्ट, तीही लहरी. फ्यूज उडाला, बोलवा बाईंना. कोणी जेवत नाही, बोलवा बाईंना. कोणी गेलं, तर मुलाला फोन करायलाही बाईच. रंगभूमी सोडल्यावर मी दर गुरुवारी तिथे आजी-आजोबांना गोष्टी वाचून दाखवायला जायचो. माझ्या आवाजाला पुन्हा प्रेक्षक मिळाले ते बाईंमुळे, हे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो.

बाईंना काचबिंदूची सुरुवात होती. डॉक्टर भला माणूस. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारची सकाळची पहिली वेळ त्याने बाईंसाठी राखून ठेवली होती. बाई त्या वेळेला दुसऱ्यालाच पाठवायच्या. एकदा रखवालदार, एकदा स्वयंपाकीण, एकदा सहा नंबरच्या खोलीतले आजोबा. डॉक्टर फोनवर वैतागायचा, "बाई, मी तुम्हाला बोलावलं होतं!"

"डोळेच आले ना तुमच्याकडे? मग झालं तर!" बाई हसायच्या. आम्हीही हसायचो. वर कौतुक करायचो, की बघा, स्वतःचं काही म्हणून नाही या बाईला.

एकदा मी म्हटलं, "आमच्याकडे मुख्य भूमिकेलासुद्धा बदली नट तयार असायचा. आश्रमातल्या नर्सला, त्या सिस्टरला, शिकवून ठेवा. आठवड्यातून एक दिवस तरी घरी बसा."

"आणि बदलीवाली माझ्यापेक्षा बरी निघाली तर, काका?"

मी टाळी दिली. खरं तर तिथेच त्यांना खडसावायला हवं होतं. पण अंगात ताप घेऊन प्रयोग केल्याच्या बढाया मी जन्मभर मारल्या. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

मग बाई डाव्या खांद्याने दारांना धडकू लागल्या. त्यांची धाकटी बहीण घरी विचारायची, "आज कुठल्या भिंतीशी भांडून आलीस?" एका सकाळी कठड्याला धरून चालणारी आजी डावीकडून येताना बाईंना दिसलीच नाही. धक्का लागून आजी पडली. हाड मोडलं नाही, पण बाई हादरल्या. पुढच्या ठरलेल्या सोमवारी त्या वेळेला पहिल्यांदा स्वतः गेल्या. मी सोबत होतो.

डॉक्टरने दोन्ही डोळे तपासले. मग म्हणाला, "गेलेली नजर परत येत नाही, बाई. उरलेली तरी सांभाळू."

"आश्रम चालवता येईल का?"

"नाही."

उरलेलीही फारशी राहिली नाही. विश्वस्तांनी सत्कार केला, शाल दिली. अध्यक्षांनी भाषणात 'त्याग' हा शब्द इतक्यांदा उच्चारला, की बहीण माझ्या कानाशी पुटपुटली, "ह्यांनी कधी एक दिवस सुट्टी घे म्हटलं नाही तिला." तिच्या बाजूला मीही होतो, आणि मीही एकदाच म्हटलं होतं, तेही टाळी देऊन सोडून दिलं होतं.

कारभार सिस्टरकडे आला. तीन महिन्यांनी बाई म्हणाल्या, "मला एकदा आश्रमात न्या. सगळं कोलमडलं असेल."

दुपारी दोनला पोचलो. लिफ्ट चालू होती. वऱ्हांड्यात सहा नंबरचे आजोबा पेपर वाचत होते. कार्यालयाचं दार मात्र बंद. बाईंनी हाताने चाचपलं, तर दारावर कागद चिकटवलेला.

"काय लिहिलंय?"

मी वाचलं, "दुपारी एक ते तीन कार्यालय बंद. सिस्टर विश्रांती घेत आहेत."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून," आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"कोणी रागावलं नाही तिला?"

"कशाला रागावतील? तीननंतर येतात लोक."

बाई बंद दाराला हात लावून उभ्या राहिल्या. आयुष्यभर मी रडण्याचे किती प्रकार केले, पण हे असं न रडणं मला कधी जमलं नसतं.

"काका," त्या म्हणाल्या, "दिवसाचे दोनच तास होते हो."

मी तीन वाजेपर्यंत थांबू या म्हटलं. त्या नको म्हणाल्या. उजवा हात धरून मी त्यांना पायऱ्या उतरवल्या.