पिवळ्या झेंड्याचं वळण

दिघाशीहून निघताना सुनबाईनं फडक्यात भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी) बांधून दिली. कुठं चाललो ते मी तिला सांगितलं नाही. येत्या रविवारी मानकोलीच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत आहे आणि तिचा जितू, म्हणजे माझा नातू, तीत उतरणार आहे. त्याचं नाव काढून टाका, असं सांगायलाच मी निघालो होतो.

भिवंडीला एसटी सोडून टमटम धरली. शेजारचा म्हणाला, "बाबा, शर्यतीला का? रविवारी हाय ती!"

"बघाया न्हाय, मोडाया चाललोय."

सगळी टमटम हसली. हसू देत.

उतरलो तर माळच ओळखू येईना. चहूकडून गुदामं, मधे मुरमाची टेकाडं. फाटकावरचा फलक अक्षराला अक्षर लावून वाचला: 'या मैदानावरची पहिलीच शर्यत!'

पहिलीच? अरे, दिवाळी सरली की इथं छकडे (शर्यतीच्या हलक्या बैलगाड्या) पळायचे, गावंच्या गावं लोटायची! इथंच, तळ्याकडच्या वळणावर, माझ्या थोरल्या भावाचा, कान्हाचा, छकडा उलटला. मागचे थांबले नाहीत. थांबायची रीतच नव्हती. त्याच्या अंगावरून गेले. आम्ही त्याला घोंगडीत घालून घरी आणला.

आणि जितू त्याच वळणावर गाडी घालणार!

सराव चालू होता. गाड्या टेकाडावरून चक्क उडत होत्या. घाईत चपलेचा अंगठा तुटला; चपला हातात घेऊन वळणाशी गेलो.

"चाचा, पीछे हटो! जान प्यारी नहीं क्या?" झेंडे घेऊन बसलेला एक जण ओरडला. भिवंडीतला लूमवाला (यंत्रमागावरचा कामगार), सुट्टीच्या दिवशी इथं ड्युटी करणारा, असं त्यानंच मागाहून सांगितलं.

"मेरे भाई की जगह है ये," मी म्हणालो आणि हललो नाही.

तेवढ्यात माझ्यासमोरच एक गाडी घसरली. पोरगा खाली, गाडी त्याच्या पायावर, आणि मागून बाकीचे सुसाट. मी डोळे गच्च मिटले.

किंकाळी आलीच नाही. बघतो तर लूमवाला पिवळा झेंडा हलवतोय, आणि मागचे सगळे रांगेनं हळूहळू जातायत. कुणी कुणाच्या पुढं जाईना. पडलेला शिव्या घालत उठला.

"सब धीमे कैसे हुए?"

"पीला दिखा और कोई आगे निकला, तो रेस से बाहर, चाचा."

"और तू भूल गया तो?"

"नहीं भूलता."

"आदमी है. भूलता है."

मी त्याच्या शेजारी बसलो. एवढंसं एक फडकं! आमच्या डोक्यांना मुंडाशी होती, खांद्यावर उपरणी होती. कान्हा पडला त्या दिवशी एवढ्या माळावर एकालाही कसं सुचलं नाही?

भाकरी सोडली. अर्धी लूमवाल्याला दिली. नाव काढायला कुणाकडं गेलो नाही.

घरी जितू ओट्यावरच होता. "आजा, कुठं गेलेलास?"

"मानकोलीला. तुझं नाव काढाया."

त्याचं तोंड उतरलं. "काढलंस?"

"न्हाय. पन रविवारी तळ्याच्या वळनावर मी बसनार. झेंडेवाल्याला डुलकी लागली तर मी हाय."

"तुला बसू देनार न्हाईत तिथं."

"मला कोन उठवतो ते बघू."

सुनबाईचं फडकं मी परत दिलं नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून दांडीवर टाकलंय. रविवारपर्यंत वाळेल.